होरीचं नाक

मी पिकअपची चावी फिरवण्याआधी चांगुणाकाकी मागे जाऊन होडीच्या नाकाला लोंबकळायची. म्हणजे खरोखरच लोंबकळायची. साठी ओलांडलेली, काष्टा घट्ट मारलेली, हडकुळी बाई. ट्रॉलीच्या दांड्यावर एक पाय रोवायची, होडीचं पुढचं टोक दोन्ही हातांनी धरायची आणि अंगाचा सगळा भार टाकून त्याला हिसडे द्यायची. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. होडी जागची हलली नाही की खाली उतरून पदराला हात पुसायची आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसायची. "चल. नाकानी जागा धरली," म्हणायची. आणि जरा जरी हललं तर तिथूनच हाक मारायची, "उतर रे गारीवाला. पोरगी अजून नाचतंय."

होडीला ती होरी म्हणे, गाडीला गारी आणि मला गारीवाला. माझं नाव तिला ठाऊक होतं, माझ्या बायकोमुलांची नावंही ठाऊक होती. पण कामाच्या वेळी नाव घ्यायचं नाही असा तिचा शिरस्ता होता. नाव घेतलं की माणूस पाहुण्यासारखा वागायला लागतो, असं तिचं म्हणणं.

आमची ओळख मानकोली नाक्यावर झाली. निजामपुऱ्यातले आमचे लूम, म्हणजे कापडाचे माग, भंगारात गेल्यावर मी एक जुनी पिकअप घेतली होती आणि गोदामांची बारीकसारीक भाडी मारत होतो. नाक्यावर आम्ही पाच-सहा ड्रायव्हर चहा पीत उभे होतो. ही बाई आली ती कोणाकडे न बघता सरळ माझ्या गाडीच्या मागे गेली आणि तिथल्या हुकाला तिनं पायानं ढोसलं.

"हा हूक शोभंचा हाय, का वडतो पन काय?"

"ओढतो. काय ओढायचंय?"

"माजी होरी."

सगळे हसले. एकानं विचारलं, "मावशी, होडी पाण्यात चालते की रस्त्यावर?"

"पान्यातच चालतंय," ती म्हणाली. "पन पानी तुमच्या गोदामांनी लांब नेलं, त्याला मी काय करू." मग माझ्याकडे वळली. "हसूंदे त्यांना. दात हायेत त्यांना. तू सांग, येतस का न्हाय."

मी गेलो. थोडं कुतूहल होतं, थोडं असं की दुसरं कोणी आपल्याशी इतकं सरळ बोललंच नव्हतं.

काकीचं गाव पूर्णा गावाच्या पलीकडे, खाडीच्या काठाला. पूर्वी तिच्या घराच्या मागच्या दारातून उतरलं की बंदर होतं. बंदर म्हणजे काय, चिखलात टाकलेले दगड आणि होड्या बांधायला चार खुंट. गावातल्या लोकांनी काठाच्या जमिनी विकल्या, भराव पडला, मोठमोठी गोदामं उभी राहिली आणि त्यांच्या मागे उंच भिंत आली. भिंतीपलीकडे खाडी होती तशीच होती, भरती-ओहोटी होत होती, पण गावाला ती दिसत नव्हती. लोकांनी होड्या मोडून चुलीत घातल्या, कोणी अंगणात उलट्या टाकून त्यावर कोंबड्या बसवल्या. गाळ्यांची भाडी येऊ लागली. गल्लीबोळात मोठाल्या गाड्या आल्या.

काकीनं होडी मोडली नाही. फायबरची लहानशी होडी, तिच्या नवऱ्याने मरणाच्या आधी घेतलेली. आता पाण्यात उतरायला एकच जागा उरली होती, जुन्या पुलाखालचा मातीचा उतार. गावापासून चांगला लांब, मधे हायवेचा नाका. सुरुवातीला तिनं होडी तिथेच बांधून ठेवली होती. एका सकाळी जाऊन बघते तर कोणीतरी तळाला पहार मारून भोक पाडलेलं. कोणी ते कधी कळलं नाही. तिनं शोधलंही नाही. होडी दुरुस्त करून घेतली आणि म्हणाली, "आता ही माज्या अंगनात निजंल. सकाली जाईल, दुपारी येईल. शालंत जातंय तशी."

त्यासाठी गाडी हवी होती, आणि एक ट्रॉली.

पहिली ट्रॉली जुन्या छकड्याच्या चाकांवर पट्ट्या ठोकून बनवलेली होती. होडी तिच्यावर ठेवायची आणि नायलॉनच्या दोरीनं आडवी-उभी गुंडाळायची. काकीला होडी पाण्यात बांधायची सवय, रस्त्यावर बांधायची नाही. मलाही त्यातलं काही कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात गोदामाच्या फाटकासमोरच्या गतिरोधकावर पिकअप चढली, ट्रॉलीनं मागून उसळी घेतली, होडीचं नाक वर उचललं गेलं आणि दोरी तुटली. होडी मागे सरकत गेली आणि पालथी न होता, बसल्यासारखी, भर रस्त्यात उतरली.

मागे कंटेनरची रांग लागली. गोदामाचा सुपरवायझर धावत आला. त्याचं म्हणणं, दोरी बांधून होडी बाजूला फरफटत न्यावी, पाच मिनिटांत रस्ता मोकळा होईल. काकी जाऊन होडीत बसली.

"फरफटत न्यायला ती काय मेलेलं ढोर हाय?" ती म्हणाली. "तल खरवडंल. तुमच्याकडं ती उचलायची गारी हाय ना, दोन शिंगांची, ती आना."

"मावशी, फोर्कलिफ्ट बाहेर आणायला परवानगी लागते."

"मंग परवानगी आना. मी बसलंय."

ती बसली. डब्यातून भाकरी काढून खायला लागली. कंटेनरचे ड्रायव्हर उतरून बघायला आले. काकीनं त्यातल्या एकाला भाकरीचा तुकडा आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली, त्यानं खाल्ली आणि तोच जाऊन सुपरवायझरशी भांडला, "अरे लिफ्ट भेज ना भाई, औरत ठीक बोल रही है." फोर्कलिफ्ट आली. खाली गोणपाट घालून होडी अलगद उचलून ट्रॉलीवर ठेवली गेली. काकीनं फोर्कलिफ्टवाल्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सुपरवायझरकडे बघितलंही नाही.

त्यानंतर आम्ही दोघं निजामपुऱ्यात रफीकभाईंकडे गेलो. रफीकभाई आमच्या लूमचे पार्ट बनवायचे, आता गोदामांच्या शटरची कामं करतात. त्यांनी आयुष्यात होडीची ट्रॉली बनवली नव्हती. काकीनं जमिनीवर कोळशानं होडी काढून दाखवली, ती कुठून उसळली तेही काढलं. तिघांनी मिळून डोकं चालवलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. ट्रॉलीच्या पुढच्या दांड्यावर एक लोखंडी खांब उभा केला. खांबाला होडीचं नाक बरोबर बसेल अशी खाच, आणि खाचेला आतून टायरचं रबर. खाली हातानं फिरवायची गिरकी, तिच्यावर गुंडाळलेला जाड पट्टा. पट्ट्याचा हूक होडीच्या नाकाखालच्या कडीत अडकवायचा आणि गिरकी फिरवत राहायचं, म्हणजे होडी पुढे पुढे येत नाक रबरावर घट्ट बसतं. मग गिरकीचा खटका लावायचा.

मला वाटलं, झालं. काकी म्हणाली, "आनि हा खटका सुटला तं?"

"नहीं छूटेगा, अम्मा," रफीकभाई म्हणाले.

"दोरी पन तुटनार नवती."

रफीकभाई हसले आणि त्यांनी एक साखळी आणली. ती गिरकीला लावायची नाही, सरळ त्याच कडीतून खाली ट्रॉलीच्या दांड्याला, ढील न ठेवता. म्हणजे पट्टा गेला तरी नाक वर उचलत नाही आणि होडी मागे जात नाही. मागच्या दोन टोकांना वेगळे पट्टे. कोणी मधे बोललं की काकी बजावायची, "पयलं नाक, मंग ढुंगन." आणि एवढं सगळं बांधून झाल्यावरही नाक्यापर्यंत गेलं की ती गाडी थांबवायला लावी. चार खड्डे खाल्ले की पट्टे सैल पडतात. ती उतरून पुन्हा हिसडा देई. नाक्यावरचा ट्रॅफिक हवालदार सुरुवातीला शिट्टी मारायचा. नंतर तो स्वतःच विचारू लागला, "काकी, बसलंय ना नाक?" ती म्हणायची, "तू तुजी शिट्टी सांभाल."

खाडीत फारसं काही मिळत नसे. बोय, निवटे, कधी चार चिंबोऱ्या. जाळ्यात माशांपेक्षा प्लास्टिक जास्त. एकदा मी विचारलं, "काकी, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पाणी तर काळं पडलंय."

"काली झाली म्हून टाकायची?" ती म्हणाली. "मी पन कालीच हाय."

तिचा मुलगा राजन. गावातला मोठा माणूस. दोन गोदामांचे गाळे, गल्लीतलं तिमजली घर, पांढरे कडक शर्ट. आईशी तो वाईट वागत नव्हता. तिच्या खोलीत एसी लावून दिला होता, जो ती लावत नसे. पण अंगणात त्याच्या गाडीशेजारी ती ट्रॉली, तिच्यावर वाळत टाकलेलं जाळं, त्याचा वास. पाहुणे आले की तो जाळ्यावर ताडपत्री टाकायचा. काकी बाहेर यायची आणि ताडपत्री काढायची.

"शालंत त्याला पोरं बोलायची, तुज्या अंगाला मासल्यांचा वास येतो," तिनं एकदा मला गाडीत सांगितलं. "रडत घरी यायचा. मी सांगायची, येतो तं येतो. त्यांच्या आंगाला कशाचाच येत न्हाय." तिनं खिडकीची काच खाली केली. "त्याला ते पटलं न्हाय कवाच."

मग पुलाचं काम निघालं. जुन्या पुलाशेजारी नवा, रुंद पूल, म्हणजे गोदामांचे ट्रक सरळ पलीकडे जातील. मातीचा उतार त्या कामात जाणार होता. गावाच्या सभागृहात सुनावणी ठेवली. मोजणीचे साहेब आले होते. गावातले जमीनवाले पुढच्या खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर. मी काकीला सोडायला गेलो होतो, दारातच उभा राहिलो.

साहेबांनी एक एक विचारलं. घरं किती, विहिरी किती, स्मशानाची वाट कुठली. मग म्हणाले, "मासेमारी? होड्या किती आहेत गावात?"

पुढच्या खुर्च्यांवर सगळे एकमेकांकडे बघू लागले. होड्या आहेत म्हटलं की कागद दुसऱ्या खात्यात जाणार, काम लांबणार, हे सगळ्यांना माहीत होतं. राजन उठला. "मासेमारी कधीच बंद झाली, साहेब. गावात एकही होडी नाही."

मागून काकी उठून उभी राहिली. "एक हाय."

राजननं मागे वळून न बघता सांगितलं, "ती होडी नाही, साहेब. आईचा नाद आहे."

साहेब शांत माणूस होता. त्यानं पेन खाली ठेवलं. "कुठे आहे होडी?"

"अंगनात. आनतंय," काकी म्हणाली आणि माझ्या बाजूनं बाहेर पडली.

आम्ही घरी जाऊन ट्रॉली पिकअपला जोडली. होडी सकाळीच पाण्यातून आली होती, अजून ओली होती. पण सभागृहाच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन अडकलो. पुढे सगळ्या जमीनवाल्यांच्याच गाड्या, दोन्ही बाजूंना लावलेल्या. मी हॉर्न मारला, कोणी बाहेर आलं नाही. एका ड्रायव्हरला विनवलं, तो म्हणाला, मालकांनी हलवायला सांगितलं नाही.

काकी खाली उतरली. "हूक सोड," म्हणाली.

"काकी, वर चढ आहे. दोघांना नाही जमणार."

"सोड."

मी ट्रॉली मोकळी केली. तिनं कडीला हात घालून नाक बघितलं, साखळी बघितली, मग ट्रॉलीचा दांडा कमरेशी धरला आणि ओढू लागली. मी मागून लावला जोर. चढाच्या पायथ्यापर्यंत आलो आणि चाकं थांबली. काकीच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, पण दांडा तिनं सोडला नाही.

तेव्हा गोदामाची शिफ्ट सुटली होती. सफाईच्या आणि पॅकिंगच्या बायका गळ्यात कार्ड अडकवून, हातात डबे घेऊन घराकडे निघाल्या होत्या. काही गावातल्या, काही वरच्या पाड्यावरच्या. त्यातली एक थांबली आणि तिनं विचारलं, "काकी, कुठं चाललीस होरी घेऊन?"

"सभेला," काकी म्हणाली.

त्या बाईनं डबा ओट्यावर ठेवला आणि दांड्याला हात घातला. मग दुसरीनं. कोणी कोणाला बोलावलं नाही. डबे ओट्यावर रांगेनं राहिले आणि ट्रॉली वर जाऊ लागली. चढावर मधेच एक खड्डा होता. चाक त्यात बसलं, ट्रॉली एकदम मागे झुकली, होडीचा सगळा भार आमच्या अंगावर येणार असं वाटलं. पाड्यावरची एक पोरगी घाबरून बाजूला झाली. पण नाक खाचेतून बोटभरही सुटलं नाही. "ती येत न्हाय मागं," काकी पुढून ओरडली. "तुमी लावा जोर."

होडीचं नाक सभागृहाच्या दाराच्या चौकटीला येऊन टेकलं. आत आता फक्त नाकच दिसत असणार. काकीला दम लागला होता. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"साहेब, आत येत न्हाय. तुमी बाहेर या."

साहेब आले. त्यांनी होडीभोवती एक चक्कर मारली, ओल्या काठावर हात ठेवला. "वापरात आहे?"

"वास घ्या."

साहेबांनी खरोखर वाकून वास घेतला. बायका हसल्या. राजन दारात उभा होता, कानापर्यंत लाल झालेला. तो हळूच म्हणाला, "आई, घरी चल."

"जानार. पयलं त्यांनी लिवूंदे."

गावातला एक म्हातारा जमीनदार पुढे झाला. तिला समजावू लागला की सगळ्या गावानं मिळून ठरवलंय, एकटीनं गावाच्या विरोधात जाऊ नये.

"गावानं जमिनी इकल्या, त्या गावाच्या व्हत्या," काकी म्हणाली. "मी काय बोल्ली तवा? आता पानी कोनी इकत घेतलं त्याचा कागद दाखवा. न्हायतं मला जायाला वाट ठेवा."

साहेबांनी उभ्या उभ्या, होडीच्या काठावर कागद टेकवून लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, होडी एक, वापरात. काकीनं मान हलवली. मग तिनं ट्रॉलीचा दांडा पुन्हा हातात घेतला, उताराकडे तोंड करून.

गल्लीच्या तोंडाशी ट्रॉली पुन्हा गाडीला जोडून आम्ही घरी निघालो. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "गावानं सांगितलं असतं होरी न्हाय, तं काय वाटलं नसतं. माज्या पोरानं सांगितलं." एवढंच. नंतर तिनं तो विषय कधी काढला नाही, आणि जाळ्यावर ताडपत्रीही पुन्हा पडली नाही.

कागद दुसऱ्या खात्यात गेला, काम लांबलं, गाव तिच्याशी काही महिने बोललं नाही. भावकीतल्या लग्नाचं बोलावणं आलं नाही, तर ती न बोलावता गेली आणि पंगतीत बसून जेवून आली. शेवटी पूल झाला. त्याच्या बाजूला सिमेंटचा एक उतार ठेवला, अरुंद, एका वेळी एकच ट्रॉली जाईल एवढा. पहिल्या दिवशी आम्ही तिथे पोचलो तर राजन आधीच येऊन उभा होता, पांढऱ्या शर्टात, बूट चिखलात न घालता. काकीनं साखळी काढली, खटका सोडला, आणि पट्टा त्याच्याकडे न बघता त्याच्यापुढे केला. "धर. सोडत सोडत जा. एकदम न्हाय."

त्यानं धरला. होडी हळूहळू मागे सरकत पाण्याला लागली. बूट गेलेच चिखलात.

पुढच्या वर्षभरात गावातल्या आणखी दोन घरांनी होड्या काढल्या. उतारावर थांबावं लागू लागलं. काकी कुरकुरायची, "तवा कुठं निजले व्हते सगले?" आणि त्यांच्या होड्यांच्या नाकांनाही जाऊन हिसडे द्यायची.

गेल्या दिवाळीनंतर ती गेली. आजारपण नाही, काही नाही. खाडीवरून आली, दुपारी आडवी झाली, उठली नाही. डॉक्टरनं तिला आधी दोनदा सांगितलं होतं, आता पाण्यात जाऊ नका. ती त्याला म्हणाली होती, "मंग तू ये माज्या बदली."

दुसऱ्या दिवशी राजन माझ्याकडे आला. फ्लेक्स करायचा होता, निजामपुऱ्यातला छापणारा माझ्या ओळखीचा. आम्ही दोघं दुकानात बसलो. छापणाऱ्यानं संगणकावर नेहमीचा साचा उघडला. वर भावपूर्ण श्रद्धांजली, मधे फोटो. फोटोत ती होडीत उभी होती, हातात वल्हं, डोळे उन्हानं बारीक केलेले.

"नाम के नीचे क्या लिखूं?" त्यानं विचारलं. "समाजसेविका? आदर्श माता?"

राजननं दोन्हीला नकाराची मान हलवली. "मासेमार," म्हणाला.

"बस?"

"बस."

छापणाऱ्यानं लिहिलं. मग खाली जिथे गावातल्या मोठ्या माणसांचे गोल गोल फोटो ओळीनं येतात, ती पट्टी उघडली. "आणि इथे? शोकाकुल कोण कोण? तुमचा फोटो पहिला घेऊ?"

"कोणाचाच नको," राजन म्हणाला. "पाण्यात ती एकटीच जायची. एकटीच राहू दे."